रोख्याचे वचन आणि समभागाचा वाटा

कर्जरोखा हे परतफेडीचे लेखी वचन असते आणि समभाग हा मालकीतील वाटा असतो. हा भेद बाजूला ठेवून कॉर्पोरेट बाँड फंड आणि जागतिक वृद्धी-समभाग फंड यांच्या गेल्या पाच वर्षांच्या परताव्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले, की तुलना सुरू होण्याआधीच फसते. नाशिक महानगरपालिकेने १९९९ मध्ये १०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले, तेव्हा ते घेणाऱ्यांना ठरलेले व्याज आणि मुदतीअंती मुद्दल यांपलीकडे काही मिळायचे नव्हते. शहर पुढे चौफेर वाढले, तरी त्या वाढीतला एक पैसाही रोखेधारकाच्या हक्काचा नव्हता, आणि वाढ खुंटली असती, तरी महापालिकेला देणे टाळता आले नसते.

कॉर्पोरेट बाँड फंड अशीच वचने कंपन्यांकडून घेतो. सेबीने २०१७ मध्ये ठरवलेल्या वर्गवारीनुसार त्याला किमान ८० टक्के रक्कम ‘एए प्लस’ किंवा त्याहून वरच्या पतमानांकनाच्या, म्हणजे परतफेडीची क्षमता उत्तम मानल्या गेलेल्या, रोख्यांत ठेवावी लागते. मात्र मानांकन हे मत आहे, हमी नव्हे: आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेचे मानांकन जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च श्रेणीचे होते आणि सप्टेंबरात ते थकबाकीदाराच्या श्रेणीवर आले. असे प्रसंग क्वचितच येतात. नित्याचा धोका वेगळाच असून मुदत ठेवीची सवय जडलेल्या गुंतवणूकदाराच्या तो सहसा ध्यानी येत नाही. ८ टक्के व्याजाचा रोखा हाती असताना बाजारात तशाच पतीचे नवे रोखे ९ टक्क्यांनी मिळू लागले, तर जुना रोखा पूर्ण किमतीला कोणी घेत नाही, त्याचा भाव उतरतो आणि फंडाच्या युनिटचे रोजचे निव्वळ मूल्य, म्हणजे एनएव्ही, घटते. ही संवेदनशीलता ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ या मापाने सांगितली जाते. ते माप ३ असेल, तर व्याजदर १ टक्क्याने वाढल्यास युनिट सुमारे ३ टक्क्यांनी घसरते. मुदत ठेवीच्या पावतीवर असा भाव रोज छापून आला असता, तर तीही इतकी निर्धास्त वाटली नसती.

जागतिक वृद्धी-समभाग फंडात वचन कसलेच नसते. भविष्यातील मोठ्या कमाईच्या अपेक्षेवर आज चढा भाव असलेल्या देशोदेशींच्या कंपन्यांचे समभाग तो घेतो, आणि अपेक्षा जितकी दूरची, तितका व्याजदरवाढीचा फटका मोठा. २०२२ मध्ये अमेरिकेत दर वाढले, तेव्हा नॅसडॅक-१०० हा तंत्रज्ञान कंपन्यांचे प्राबल्य असलेला निर्देशांक सुमारे एक तृतीयांशाने कोसळला. दरवाढ रोख्यांनाही झोंबते, त्यामुळे एक फंड पडला की दुसरा सावरून घेईल, ही समजूत भाबडीच म्हणावी लागेल.

शिवाय या फंडात चलनाचा हिशेब मिसळलेला असतो. २०१२ च्या अखेरीस डॉलर सुमारे ५५ रुपयांना होता, २०२२ च्या अखेरीस सुमारे ८३. म्हणजे डॉलरमध्ये तसूभरही न वाढलेली गुंतवणूक दहा वर्षांत रुपयांत दीडपट दिसली असती, आणि त्याचे श्रेय कंपन्यांच्या कर्तृत्वाकडे जात नाही. नाशिकमधील सातपूर-अंबडच्या कारखान्यातील नोकरदाराला मुलाची परदेशातील फी दहा वर्षांनी डॉलरमध्ये भरायची असेल, तर हा चलनलाभ त्याच्या खर्चाशी जुळतो; तीन वर्षांनी घराचे उरलेले कर्ज फेडायचे असेल, तर कॉर्पोरेट बाँड फंडच त्याच्या अधिक कामाचा. परदेशाची वाटही सदैव मोकळी नसते: म्युच्युअल फंड उद्योगाला घालून दिलेली ७ अब्ज डॉलरची मर्यादा गाठत आल्यामुळे फेब्रुवारी २०२२ पासून अनेक योजनांना नवी रक्कम घेणे थांबवावे लागले, आणि दरमहा ठरावीक रक्कम गुंतवणाऱ्यांची खरेदी नेमकी भाव उतरत असतानाच खंडित झाली.