नगरसीमेपलीकडची पायवाट



पादचारी आणि सायकलस्वार यांच्यासाठी प्रादेशिक नियोजन हा विषय स्मृतिव्याख्यानाला काहीसा रुक्ष वाटेल. परंतु त्याचा एक धागा आपल्या इंदुराशीच जुळलेला आहे. होळकर दरबारासाठी पॅट्रिक गेडिस यांनी लिहिलेला नगररचनेचा अहवाल 1918 साली दोन खंडांत प्रसिद्ध झाला. गेडिस मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक. आधी निदान, मग उपचार हा त्यांचा दंडक, आणि निदान करायचे ते गल्लीबोळांतून पायी हिंडून. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीची मिरवणूक योजली आणि जे रस्ते अधिक स्वच्छ, त्यांवरूनच ती जाईल असे जाहीर केले. घरोघरी केरसुण्या चालू लागल्या! ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. त्यांचा गाभ्याचा विचार मात्र विसरतो. शहर आणि त्याचा भोवतालचा प्रदेश हे एकच शरीर आहे, असे ते मानीत.

आपण नियोजन करतो ते मात्र नगरसीमेपुरते. पदपथ नगरपालिकेचा, महामार्ग दुसऱ्या खात्याचा, खेड्याचा रस्ता तिसऱ्याचा. पायी चालणाऱ्याला या हद्दी ठाऊक नसतात. राऊकडून शहरात येणारा मजूर किंवा दुधाच्या बरण्या अडकवून निघालेला सायकलस्वार एकाच प्रवासात तिन्ही ओलांडतो, आणि तिन्ही ठिकाणी परकाच ठरतो.

वळणरस्त्याचे उदाहरण घ्या. गाव एका बाजूला, शाळा आणि शेते दुसऱ्या बाजूला. पूर्वीची पायवाट मध्येच तुटते आणि पलीकडे जाण्याचा भुयारी मार्ग एक किलोमीटर दूर असतो. म्हणजे जाऊन पुन्हा मागे येण्याचा दोन किलोमीटरांचा फेरा. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या मोटारीला तो दोन मिनिटांचा. ताशी पाच किलोमीटर चालणाऱ्याला चोवीस मिनिटांचा. मग माणसे दुभाजकावरून उड्या मारतात आणि आपण त्यांना बेशिस्त म्हणतो. माझ्या मते बेशिस्त त्या आराखड्यात आहे.

अशी माणसे थोडी आहेत असेही नव्हे. 2011 च्या जनगणनेत कामावर जाण्याचे साधन विचारले गेले. शेती व घरगुती उद्योग सोडून इतर कामगारांपैकी सुमारे 23 टक्के पायी आणि सुमारे 13 टक्के सायकलने जात होते. विद्यार्थी तर या मोजणीत नव्हतेच.

बिहारने 2006 साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासात, माध्यमिक शाळेत मुलींनी नाव नोंदवण्याचे प्रमाण या योजनेमुळे सुमारे 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले; शाळा दूर असलेल्या गावांत परिणाम अधिक. अंतर हा शिक्षणाचाच प्रश्न आहे, हे याहून स्पष्ट कोण सांगणार? मध्य प्रदेशातही शाळकरी मुलांना सायकली दिल्या जातात. सायकल शिक्षण खात्याने द्यायची, रस्ता कोणी द्यायचा, हे मात्र कोणीच ठरवीत नाही.

कायद्याची उणीव आहे असे म्हणता येत नाही. आपल्या राज्याच्या 1973 च्या नगर तथा ग्राम निवेश अधिनियमात प्रादेशिक योजनेची तरतूद आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर नियोजन समितीही सांगितली. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाचा भर वाहने हलविण्यापेक्षा माणसे हलविण्यावर आहे. आणि 2025 साली राज्याच्या विधानसभेने महानगर क्षेत्रांविषयीचा कायदा संमत केला, त्यामुळे इंदूर, उज्जैन, देवास, धार यांचा एकत्र विचार करण्यास वाव मिळाला आहे. तेथेही चर्चा द्रुतगती मार्गांचीच होईल, अशी मला धास्ती वाटते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवतो. आपल्या शाळेत सायकलने व पायी येणारी मुले कोणत्या वाटेने येतात, हे वर्गावर्गातून विचारून एका नकाशावर उतरवा. महामार्ग कोठे ओलांडावा लागतो, पुलावर चालण्यास जागा कोठे नाही, पावसाळ्यात नाला कोठे अडवतो, संध्याकाळी दिवा कोठे नसतो, हे त्यावर नोंदवा. शेजारच्या दोन-चार शाळांनीही हेच केले की ते नकाशे जोडता येतील. प्रादेशिक योजनेवर जेव्हा हरकती व सूचना मागवल्या जातील, तेव्हा हा जोडनकाशा मुदतीच्या आत दाखल करावा, आणि दाखल केल्याची पोच घ्यायला विसरू नये.