आभाळातून उतरलेली पेटी



समजा, एके सकाळी तुमच्या रानात एक मोठी रंगीत हवाई छत्री उतरलेली दिसली, तिच्या दोरांना एक पेटी बांधलेली. गावभर कालवा होईल. कुणी म्हणेल बाँब आहे, कुणी म्हणेल हेरांचं यंत्र. पण नांदेड-लातूरकडे अशी पेटी उतरली, तर ती बहुधा हैदराबादहून आलेली असते. तेथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे तेथून तीस-चाळीस किलोमीटर उंच जातात. काम झाले की उपकरणे छत्रीने खाली उतरतात.

इतक्या उंच कशाला? एक कारण सांगतो. १०५४ साली चिनी ज्योतिषांनी वृषभ राशीत नवा तारा पाहिला. २३ दिवस तो भर दिवसा दिसत होता! खरे तर तो एका ताऱ्याचा स्फोट होता. त्याचे अवशेष म्हणजे आजची क्रॅब अभ्रिका. तिच्या मध्यभागी उरलेला गाभा सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो, आणि तिथले वेगवान विद्युत्कण क्ष-किरण सोडतात. हाड मोडलं की दवाखान्यात फोटो काढतात ना, तेच हे किरण. वातावरण ते शोषून घेते. म्हणून आपण सुखरूप आहोत, आणि म्हणूनच यंत्र वर न्यावे लागते.

२८ सप्टेंबर २०१५ रोजी आपला ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह त्याही वर गेला. त्यातील क्ष-किरण उपकरणे घडविण्यात याच संस्थेचा मोठा वाटा होता.

याचा आपल्याशी काय संबंध? शर्मिष्ठा तारकासमूहातील अशाच एका अवशेषाच्या क्ष-किरणांत लोखंडाची खूण सापडते. नांगराच्या फाळातले आणि आपल्या रक्तातले लोह ताऱ्यांतूनच आले आहे, बरं का!

तेव्हा पेटी दिसली तर उघडू नका, दोर कापू नका. आत जास्त दाबाची वीज असू शकते. छत्रीचे कापड कणगीवर झाकायला बरे, असा मोह होईल, तो आवरा. पेटीवर पत्ता असतो. पोलीस ठाण्यात वर्दी द्या. योग्य बक्षीसही मिळते. आत कुणाच्या तरी वर्षावर्षांची मेहनत असते.

आणि गुरुजी, हिवाळ्यात मुलांना रोहिणी दाखवा, वृषभाची शिंगे दाखवा. एका शिंगाच्या टोकाशी ती अभ्रिका आहे. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण जागा तरी कळेल.