शाळेच्या आवारातील विसाव्याची बाग
(शिक्षक-मेळाव्यातील भाषण)



१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि आपल्या प्रदेशाचे औषधाशी नाते जडले. मी उद्यानरचनाकार, कुपीत न मावणाऱ्या औषधाविषयी बोलणार आहे.

अमेरिकेतील रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. खिडकीतून झाडे दिसणारे २३ रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्या तशाच २३ रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले. त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हा निष्कर्ष १९८४ साली प्रसिद्ध झाला.

चाकण परिसरात कामासाठी आलेल्या कुटुंबांची मुले आपल्या वर्गात बसतात. गाव नवे, भाषाही अनेकदा नवी. असे मूल एखादे दिवशी गप्प होते. त्याला उपदेश नको. घटकाभर सावली हवी.

कडुनिंबाखाली, पाठीशी भिंत येईल असा कट्टा बांधावा. म्हणजे येणारा समोरून दिसतो, मूल दचकत नाही. वाट सपाट, पायरीविना आणि चाकाची खुर्ची जाईल इतकी रुंद असावी. एक वाफा २ फूट उंच करावा, म्हणजे खुर्चीतील मुलाचाही हात मातीला लागेल. तुळस, मरवा, गवती चहा यांच्या वासाने दृष्टिहीन मुलास जागा ओळखता येते. कण्हेर व धोतरा विषारी. ते तेथे नसावेत. उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे रोप लावण्यापूर्वीच ठरवावे.

शेवटी एक विनंती. ही बाग शिक्षा म्हणून कोणाकडून खुरपून घेऊ नये. जेथे शिक्षा भोगली, तेथे मूल विसाव्यास येत नाही.