पायऱ्या मोजताना

(रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी आपल्यापैकीच एका सभासदाने आपला अनुभव सांगावा, असे कमिटीने ठरवले होते. त्यांपैकी बी विंगमधील एका सभासदाने गच्चीवर केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

मागच्या रांगेत कुजबुजणाऱ्या बालमित्रांनो, तुम्ही मला दिसत नसलात तरी ऐकू मात्र सगळं येतं बरं का!

मला विषय दिलाय 'संकटातून उभं राहताना'. अशा विषयावर बोलणाऱ्याने जिद्द, हिंमत वगैरे सांगावं अशी अपेक्षा असते. पण खरं सांगू का, मला कुणी 'तुमची जिद्द दांडगी हो' म्हणालं की जरा अवघडल्यासारखं होतं. कारण एके सकाळी उठलो, ठरवलं आणि उभा राहिलो, असं काही झालं नाही. एकेक बारकी गोष्ट शिकत गेलो, एवढंच. आज त्या बारक्या गोष्टीच सांगणार आहे.

आधी आजाराबद्दल. मोतीबिंदू, काचबिंदू सगळ्यांना माहीत असतात. माझ्या आजाराचं नाव रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर अंधुक उजेडात पाहायला मदत करणाऱ्या पेशी असतात, त्या आधी निकामी होतात. म्हणून सुरुवात रातांधळेपणाने होते. मग नजरेचा घेर कडेकडेने आत यायला लागतो. नळीतून पाहावं तसं फक्त समोरचं दिसतं. त्यामुळे मी गॅलरीत बसून पेपर वाचायचो आणि उठलो की पायाखालच्या बादलीला धडकायचो. जिन्यात बाजूने कुणी हसून गेलं तर मला कळायचंच नाही. 'बँकेत आहेत ना, भाव खातात' असंही काहींना वाटलं असेल! पुढे ती नळीही बारीक होत गेली. आता मला उजेड आणि काळोख एवढाच फरक कळतो.

त्या काळात गाजर, पपई, शेवग्याचा पाला, सगळ्यांनी सगळं सुचवलं. प्रेमापोटी सुचवलं. पण 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारा रातांधळेपणा वेगळा, तो उपचाराने बरा होऊ शकतो. माझा आजार जनुकातला. माझी आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे अशी लग्नं सर्रास व्हायची. नात्यात लग्न झालं की तोच जनुकदोष आई आणि वडील दोघांकडूनही येण्याची शक्यता वाढते, हे डॉक्टरांनी समजावलं तेव्हा आई शेजारीच होती. घरी येऊन ती देवासमोर बसली आणि म्हणाली, "आमच्यामुळेच झालं रे हे." मी म्हटलं, "आई, तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं होतं का?" नजर जाण्यापेक्षा तिचं ते वाक्य मला जास्त जड गेलं. म्हणून इथल्या तरुण मंडळींना सांगतो, घरात असा आजार असेल तर लग्नाआधी, मूल होण्याआधी जनुकीय सल्ला घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्या मुलीचे डोळे तपासले, ते उत्तम आहेत.

आता नोकरी. मी बँकेत कॅश काउंटरला होतो. २०१० च्या सुमारास नोटा मोजणं जमेना. वरिष्ठांनी अगदी गोड शब्दांत सुचवलं, "स्वेच्छानिवृत्ती घ्या, घरी आराम करा." मुलगी तेव्हा आठवीत होती आणि याच फ्लॅटचे नऊ वर्षांचे हप्ते बाकी होते. आराम कसला करणार! त्या रात्री आम्ही दोघं नवरा-बायको डायरी घेऊन बसलो आणि घरखर्च मांडला. सही केली असती तर हे घर सोडावं लागलं असतं, हे त्या पानावर स्पष्ट झालं.

युनियनमधल्या एका सहकाऱ्याने अपंग व्यक्ती कायदा, १९९५ चं कलम ४७ मला वाचून दाखवलं. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, त्याचा हुद्दा उतरवता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. तसं काम नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करून त्यावर ठेवायचं. हेच संरक्षण आता २०१६ च्या कायद्यात कलम २० मध्ये आहे. मी अर्ज दिला, कलम लिहून दिलं. दोन-तीन महिने कागद फिरले, पण नोकरी राहिली.

पण मंडळी, कायदा खुर्ची देतो, खुर्चीवर बसून काम मात्र आपल्यालाच करायचं असतं. मी पंचेचाळिशी ओलांडली होती आणि कॉम्प्युटर पुन्हा पहिलीपासून शिकलो, तोही माउसशिवाय. स्क्रीनवरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं. त्यातलं एनव्हीडीए हे २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अंध तरुणाने सुरू केलं, आणि ते फुकट मिळतं. सुरुवातीला तो आवाज म्हणजे कुणी नाकात बोलत आरडाओरडा करतंय असं वाटायचं. वर्षभराने त्याचा वेग इतका वाढवला की शेजारचे सहकारी म्हणायचे, "साहेब, हे काय लावलंय, रेडिओला खरखर आलीय का?" मी पत्रव्यवहार आणि तक्रार विभागात काम केलं आणि गेल्या वर्षी साठ पूर्ण झाल्यावर रीतसर निवृत्त झालो. आपल्या फ्लॅटचा शेवटचा हप्ता माझ्या पगारातूनच गेला.

नोकरीपेक्षा अवघड होती ती काठी. पांढरी काठी हातात घेणं म्हणजे सगळ्या डोंबिवलीला जाहीर करणं. सहा महिने ती घडी करून बॅगेत नुसती फिरत होती. शेवटी आमची ही म्हणाली, "तुम्ही माझा खांदा धरता, लोकांना कळतं ते कळतंच. काठी धरलीत तर निदान मला वेळेवर डबा भरता येईल." मग शिकलो. डावा पाय पुढे टाकला की काठीचं टोक उजवीकडे टेकवायचं, उजवा पाय पुढे टाकला की डावीकडे. पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधीच तपासली जाते. स्टेशनवर अपंगांचा डबा जिथे येतो तिथे पीप-पीप असा आवाज करणारं यंत्र असतं, त्याच्या रोखाने जायचं. आपल्या बी विंगला दाराशी तीन पायऱ्या, मग प्रत्येक मजल्याला नऊ आणि नऊ. लिफ्ट बंद असली तरी मी मोजत सत्तावन्न पायऱ्या चढून बरोबर माझ्याच दाराशी पोहोचतो. कधी कधी दृष्टी असलेली मंडळीच बोलता बोलता चौथ्या मजल्यावर जातात!

या सगळ्यात मी एक गोष्ट शिकलो. मदत मागणं हेही शिकावं लागतं. 'मला मदत करा' म्हटलं की समोरचा माणूस गोंधळतो. कुणी दंड धरून ओढत नेतं, कुणी रस्ता ओलांडायचा नसतानाही ओलांडून देतं! म्हणून मी नेमकं सांगायला लागलो. "मला तुमचा कोपर धरू द्या, मी अर्धं पाऊल मागे चालतो." "ताटात भाजी कुठे, कोशिंबीर कुठे, ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे सांगा." नेमकं मागितलं की देणाराही मोकळा होतो, घेणाऱ्यालाही ओशाळं वाटत नाही.

असंच नेमकं मी या सोसायटीकडे मागितलं. लिफ्ट बदलायची होती तेव्हा मजला बोलून सांगणारी यंत्रणा आणि उठावाचे आकडे असावेत, असं पत्र दिलं. वार्षिक सभेत एका सभासदाने विचारलं, "एका माणसासाठी सगळ्यांनी जादा खर्च का करायचा?" प्रश्न रोखठोक होता, मला राग आला नाही. उत्तर ए विंगच्या एका आजोबांनी दिलं, "आज एक आहे, उद्या आपण सगळेच म्हातारे होणार आहोत." ठराव मंजूर झाला. आज मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या काकू, चष्मा घरी विसरलेले काका, आकडे अजून न ओळखणारी चिल्लीपिल्ली, सगळे त्याच आवाजावर उतरतात.

लॉकडाउनचा काळ मला वेगळा जड गेला. कशालाही हात लावू नका, लांब राहा. आणि मी तर हातानेच पाहणारा माणूस! पण तेव्हाच एक गंमत झाली. सोसायटीतल्या ज्येष्ठांची मुलं परगावी, परदेशी अडकलेली. यांना मोबाईलवरून वीजबिल भरता येईना. मी फोन कानाने वापरतो, त्यामुळे कुठलं बटण कुठे, त्यानंतर काय येतं, हे सगळं पाठ. इंटरकॉमवरून मी सांगायचो, "काका, आता खाली उजव्या कोपऱ्यात दाबा." दहा-बारा घरांत मी असा न दिसता मोबाईल शिकवला. इतकी वर्षं मी यांच्याकडून घेत होतो, तेव्हा पहिल्यांदा देणाऱ्यांच्या रांगेत उभा राहिलो. आईनंतर माझ्या मनावरचं एक ओझं त्या दिवसांत उतरलं.

नजर गेली हे चांगलंच झालं, असं मी कधीही म्हणणार नाही. मुलीच्या लग्नात तिचा शालू कसा होता, ते मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकावं लागलं. ते दुःख आहे आणि राहील. पण त्या दुःखाच्या शेजारी बाकीचं सगळं आयुष्यही आहे. ते जगायला जे लागतं ते शिकता येतं, कुठल्याही वयात शिकता येतं.

इथे कुणाला अचानक मधुमेह निघाला असेल, कुणाची नोकरी गेली असेल, कुणाचा जोडीदार गेला असेल. त्यांना मी 'हिंमत धरा' म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की, उद्यापर्यंत शिकता येईल अशी एक बारकी गोष्ट शोधा. आणि ज्याच्याकडून मदत हवी त्याला नेमकं काय हवं ते सांगा.

जाता जाता मीही दोन गोष्टी नेमक्या मागतो. काठीला कमरेच्या वरचं कळत नाही, तेव्हा तळमजल्याच्या बाहेर उघडणाऱ्या खिडक्या आणि पार्किंगमध्ये डोक्याच्या उंचीवर बांधलेल्या कपड्यांच्या तारा यांचं काहीतरी करा. आणि जिन्यात भेटलात की 'ओळखा पाहू मी कोण' असं विचारू नका हो! सरळ आपलं नाव सांगा. मग निवांत गप्पा मारू.