पहारा ज्याचा त्याचा

साताऱ्याच्या घरात आम्हा दोघा भावांना एकाच आठवड्यात कांजिण्या आल्या. आईनं कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं. दादाला अंगभर फोड, मला मोजून सात. दोघेही बरे झालो आणि विसरून गेलो.

साठीनंतर दादाचा सांगलीहून फोन आला, "बरगडीपाशी नुसती आग होतेय रे, नागीण उठलीय." नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो, असं शेजाऱ्यांनी भरवलेलं. मग गेरू, मंत्र. त्यात चार दिवस गेले.

खरं म्हणजे कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडत नाही. मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. टी-पेशींचा पहारा ढिला पडला की एखाद्या मज्जातंतूच्या वाटेनं कातडीवर येतो. म्हणूनच नागीण बहुधा अंगाच्या एकाच बाजूला उठते. विळख्याची भीती फुकाची!

मग मला का नाही झाली? तब्येतीनं दोघेही ठणठणीत. पण वयाबरोबर हा पहारा कुणाचा लवकर विरतो, कुणाचा टिकतो. वरून ते दिसत नाही. उद्या माझीही पाळी येऊ शकते.

दादाचे फोड सुकले, कळ मात्र वर्षभर राहिली. म्हणून सांगतो, पहिल्या तीन दिवसांतच औषध सुरू करा. डोळ्याजवळ फोड आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. पन्नाशीपुढच्यांसाठी २०२३ पासून आपल्याकडे नवी लसही मिळते. डॉक्टरांना जरूर विचारा. मीही विचारलं आहे.