रक्तांतील अंक आणि रुग्णाचें भवितव्य



भोकरदन तालुक्यांतील हसनाबादसारख्या गांवीं अन्ननलिकेच्या कर्करोगाची पहिली वर्दी बहुधा जेवणाच्या ताटावरच मिळते. ज्वारीची भाकरी छातींत अडकल्यासारखी वाटते. मग ती आमटींत कुस्करून खाण्याची संवय लागते. पुढें वरणभातही जड होतो, आणि अखेर पाण्याचा घोट उतरेनासा होतो.

अशा वेळीं कोणी रक्ताची एक चांचणी करून घेतो, कागदावरील अंक मर्यादेंत आहे असें पाहतो आणि निश्चिंत होतो. दुसऱ्या कोणाचा अंक चढलेला निघतो, आणि घरचीं माणसें आशा सोडतात. हीं दोन्ही अनुमानें चुकीचीं आहेत, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

अर्बुदाच्या पेशी कांहीं प्रथिनें रक्तांत सोडतात. त्यांपैकीं सी.ई.ए. हें कॅनडांतील गोल्ड व फ्रीडमन यांनीं १९६५ सालीं शोधिलें; एस.सी.सी. हें जपानांतील काटो व तोरिगोए यांनीं १९७७ सालीं वर्णिलें. आपल्याकडे या रोगांत चपट्या पेशींचा प्रकार पुष्कळ आढळतो, म्हणून या दुसऱ्यास महत्त्व. परंतु रोग लहान असतां हीं प्रथिनें पुष्कळदां वाढतच नाहींत. उलट, विडी-सिगारेट ओढणारांत सी.ई.ए., आणि मूत्रपिंडाच्या व त्वचेच्या कांहीं विकारांत एस.सी.सी., कर्करोगावांचूनही वाढतें. यास्तव निदानाचा खरा मार्ग एकच: घशांतून दुर्बीण घालून अन्ननलिका पाहणें व संशयित जागेचा तुकडा काढून तपासणें.

मग या अंकाचा उपयोग काय? उपचारापूर्वीं तो फार चढलेला असेल, तर रोग पसरलेला असण्याचा संभव अधिक, असें अनेक रुग्णांच्या सरासरीवरून दिसतें. पण सरासरी म्हणजे एकाचें विधिलिखित नव्हे. उपचारानंतर अंक उतरला तर तें सुचिन्ह. उतरून पुन्हा चढूं लागला, तर रोगाचा माग घेणें अवश्य. एका सरीवरून शेतकरी पावसाळ्याचा निकाल लावीत नाहीं. तसेंच एका अंकाचें आहे.

भवितव्य मुख्यतः ठरतें तें रोग नलिकेच्या भिंतींत किती खोल गेला, लसिकाग्रंथींपर्यंत पोहोंचला कीं काय, यावर; आणि उपचारावर. शस्त्रक्रियेस योग्य अशा रुग्णांवर हॉलंडांत केलेल्या परीक्षणाचा निकाल २०१२ सालीं प्रसिद्ध झाला. केवळ शस्त्रक्रिया झालेल्यांपैकीं निम्मे रुग्ण सुमारें २४ महिन्यांहून अधिक जगले. आधीं पांच आठवडे औषधें व किरणोपचार देऊन मग शस्त्रक्रिया ठरविलेल्यांत हीच मुदत सुमारें ४९ महिने झाली. अंक पाहून जो धीर सोडतो, तो हे महिने आपल्या हातानें गमावतो.

परळचें टाटा रुग्णालय १९४१ पासून हें कार्य करीत आहे. परंतु हसनाबादकरांस प्रथम मुंबईच गांठावी लागते असें नाहीं. छत्रपती संभाजीनगर येथें शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. घांस वारंवार अडकूं लागला, तर रक्ताच्या कागदावर विसंबून न राहतां वैद्यांकडे जावें, आणि दुर्बिणीची तपासणी मागून घ्यावी. ताटावरची वर्दी वेळींच ऐकिली, तर उपचारास अवसर मिळतो.