सेनापतीच्या तंबूभोवती

(दुसऱ्या महायुद्धातील लष्करी मुख्यालयांचे संरक्षण या विषयावरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



२७ मे १९४२ ची सकाळ. लिबियाच्या वाळवंटात रोमेलच्या सैन्याचा लोंढा दक्षिणेकडून वळसा घालून आला आणि त्याच्या मार्गात सापडले ते ब्रिटिशांच्या सातव्या आर्मर्ड डिव्हिजनचे मुख्यालय. डिव्हिजनचे सेनापती मेजर जनरल फ्रँक मेसर्व्ही हे मूळचे भारतीय घोडदळातील अधिकारी. ते शत्रूच्या हाती लागले. परंतु पकडले जाण्यापूर्वी त्यांनी खांद्यावरील पदचिन्हे उतरवून टाकली होती. साहेबाचा साधा हुजऱ्या समजून जर्मनांनी त्यांच्याकडे फारसे लक्ष दिले नाही आणि संधी साधून ते निसटले. एका डिव्हिजनचा मेंदू मात्र ऐन लढाईत बधिर होऊन पडला. रणगाडे जागेवर होते, तोफा होत्या, माणसे होती. त्यांना हुकूम देणारेच कोणी उरले नव्हते.

पावणेदोन वर्षांनी, ६ फेब्रुवारी १९४४ रोजी, हेच मेसर्व्ही आराकानच्या जंगलात सातव्या भारतीय डिव्हिजनचे नेतृत्व करीत होते. लाउंग चाउंग येथील त्यांच्या मुख्यालयावर भल्या पहाटे, दाट धुक्यात, जपान्यांनी झडप घातली. (मेसर्व्ही पुढे ऑगस्ट १९४७ मध्ये पाकिस्तानी सैन्याचे पहिले सरसेनापती झाले. तो विषय वेगळा, त्यामुळे येथे बाजूस ठेवलेला बरा.) एकाच सेनापतीचे मुख्यालय दोनदा उद्ध्वस्त व्हावे, याला केवळ दुर्दैव म्हणून चालणार नाही. दोष होता तो रचनेत.

मुख्यालयाचे रक्षण कोण करीत असे? ब्रिटिश पद्धतीच्या युद्धरचनेत, आणि म्हणून त्या वेळच्या भारतीय सैन्यातही, डिव्हिजनच्या मुख्यालयास एक प्लाटून जोडलेली असे. तिचे नावच मोठे बोलके आहे : 'डिफेन्स अँड एम्प्लॉयमेंट प्लाटून'. संरक्षणही तिने करायचे आणि पडेल ते कामही तिनेच करायचे. पायदळाची प्लाटून म्हणजे साधारण पस्तीस-छत्तीस माणसे; तीन सेक्शन, प्रत्येक सेक्शनकडे एक ब्रेनगन, बाकी रायफली. भारतीय पलटणींत अशा प्लाटूनचे नेतृत्व बहुधा जमादाराकडे असे. कोअरच्या मुख्यालयाचा पसारा त्याहून मोठा, म्हणून तेथे कंपनी.

पस्तीस माणसे आणि त्यांच्या पाठीमागे सुमारे पंधरा हजारांच्या डिव्हिजनची सूत्रे! बरे, या पस्तिसांना दिवसभर काम काय? तंबू ठोकणे, खंदक खणणे, मालमोटारी भरणे-उतरवणे, जाळ्या टाकून वाहने झाकणे, निरोप पोहोचवणे. त्यात मुख्यालयही एका जागी नसे. प्रत्यक्ष लढाई चालवणारे पुढचे मुख्यालय वेगळे आणि भरती, रसद, पुरवठा पाहणारे मागचे वेगळे. दोन्हीकडे पहारा हवा, म्हणजे प्लाटूनचीही वाटणी होणार. रात्री पाळीचा पहारा देऊन दिवसा फावडे हाती घेतलेला शिपाई पहाटेच्या हल्ल्याच्या वेळी किती ताजातवाना असेल?

सेनापतींना हे कळत नव्हते, असे समजण्याचे कारण नाही. अडचण खरी होती. मुख्यालयाच्या रक्षणासाठी ठेवलेला प्रत्येक बंदूकधारी आघाडीवरून कमी होतो. पुढे पलटणी रक्त सांडत असताना मागे साहेबांच्या तंबूभोवती कंपनीच्या कंपनी बसवून ठेवणे कोणत्याही स्वाभिमानी सेनापतीला रुचणारे नव्हते. आराकानात नेमके हेच घडले. शत्रू पिछाडीस उतरल्याचे कळताच मेसर्व्हींनी आपली राखीव ८९ वी ब्रिगेड उत्तरेकडे त्याच्यावर सोडली. निर्णय धाडसी होता, युद्धशास्त्राला धरूनही होता. पण जपानी त्या ब्रिगेडला वळसा घालून निसटले आणि उघड्या पडलेल्या मुख्यालयावर येऊन आदळले.

त्या सकाळी मुख्यालय लढवले ते मुख्यतः संदेशकांनी. बिनतारी यंत्रांवर बसणारे, तारा ओढणारे, सांकेतिक लिपी उलगडणारे हे लोक. त्यांनी हल्ल्यामागून हल्ले परतवले, हातघाईपर्यंत वेळ आली. अखेर यंत्रे फोडून, लहान लहान टोळ्या करून निघून जाण्याचा हुकूम सुटला. जंगल तुडवीत, ओढे ओलांडीत सेनापती आणि त्यांचे सहकारी काही मैलांवरच्या सिन्झवेया येथे पोहोचले.

सिन्झवेया हा काही किल्ला नव्हे. न्गाक्येडॉक खिंडीच्या पूर्व तोंडाशी, टेकड्यांनी वेढलेली ती भातखाचरांची मोकळी जागा. लांबीरुंदी मैलभरसुद्धा नाही. डिव्हिजनची रसद, दारूगोळा, इंधन, इस्पितळ, खेचरांचे तळ असे सर्व तेथे होते. मराठी लष्करी परिभाषेत सांगायचे तर हुजुरात उधळली गेली होती आणि सगळी भिस्त येऊन पडली होती बाजारबुणग्यांवर. या शब्दाला आपल्याकडे पानिपतापासून एक कडवट चव आहे. न लढणारे, खाणारे, पायांत घोटाळणारे, असा त्याचा अर्थ मनात पक्का बसलेला आहे.

नवव्या भारतीय ब्रिगेडचे ब्रिगेडियर जेफ्री इव्हान्स यांच्याकडे त्याच दिवशी या तळाची सूत्रे आली. त्यांच्यापाशी खरे पायदळ होते वेस्ट यॉर्कशायरची जेमतेम पलटण, पुढे गुरख्यांच्या काही कंपन्या. जोडीला २५ व्या ड्रॅगून्सचे रणगाडे आणि तोफखाना. कोणताही सामान्य अधिकारी हे पायदळ कडेने उभे करून मोकळा झाला असता. इव्हान्स यांनी उलट केले. कडे सोपवले कारकून, मोटारचालक, भांडारी, खेचरवाले, तोफची यांच्यावर. प्रत्येक युनिटला आपापला तुकडा नेमून दिला. खंदक खणा, जागा सोडू नका. अंधार पडल्यावर कोणी हालचाल करायची नाही. जो हलेल तो शत्रू. आणि पायदळ व रणगाडे मध्यभागी राखीव ठेवले. जेथे कडे फुटेल तेथे रणगाड्यांनी टेकडी भाजून काढायची आणि पायदळाने ती संगिनींनी परत घ्यायची.

या योजनेची किंमतही मोजावी लागली, ती झाकून ठेवणे योग्य नाही. कडे लांब, माणसे थोडी. इस्पितळ नैर्ऋत्य कडेला आले होते आणि त्याच्या रक्षणासाठी पायदळाची एक लहानशी तुकडी व चालू शकणारे जखमी एवढेच होते. ७ फेब्रुवारीच्या रात्री जपानी आत घुसले. डॉक्टर, सेवक आणि खाटेवरचे जखमी मिळून सुमारे पस्तीस जणांची हत्या झाली. डॉक्टरांना रांगेत उभे करून गोळ्या घातल्या गेल्या. जागा ताब्यात येईपर्यंत सुमारे छत्तीस तास गेले.

तरीही कडे तुटले नाही. ११ फेब्रुवारीपासून डाकोटा विमाने वरून रसद टाकू लागली. हवाई पुरवठ्याची ही तयारी वेढा पडण्यापूर्वीच करून ठेवलेली होती. तिचे श्रेय मेजर जनरल स्नेलिंग यांना. धान्य, दारूगोळा, औषधे तर आलीच, पण पत्रे आणि सिगारेटीही आल्या. जपान्यांची सारी गणितेच तेथे चुकली. वेढलेल्यांची रसद लुटून पुढे जायचे, हा त्यांचा बेत. वेढा घालणारेच उपाशी राहिले. फेब्रुवारीच्या अखेरच्या आठवड्यात खिंड मोकळी झाली. वेढा पडताच माघार घ्यायची, हा ब्रह्मदेशातील दोन वर्षांचा शिरस्ता येथे मोडला.

हा धडा कागदावरही उतरला. ब्रह्मदेशातील भारतीय डिव्हिजनांना मुख्यालयाच्या रक्षणासाठी एक संपूर्ण पायदळ पलटण देण्याची पद्धत १९४४-४५ पर्यंत रूढ झाली. छत्तीसांच्या जागी काहीशे! पण प्रत्येक ठिकाणी ही चैन शक्य नव्हती. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातील सांगशाक येथे पन्नासाव्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडने २२ ते २६ तारखेपर्यंत जपान्यांना रोखून धरले. तिच्यासोबत आपल्या मराठ्यांची चौथी पलटणही होती. पाण्याचा तुटवडा आणि खडकाळ जमीन, त्यामुळे धड खंदकही खणता येईनात. २६ तारखेला शत्रू चर्चजवळच्या मोर्चात शिरला, तेव्हा ब्रिगेड मुख्यालयाची संरक्षण प्लाटूनच प्रतिहल्ल्यासाठी पुढे काढण्यात आली. राखीव दुसरे कोणी उरलेच नव्हते. सेनापतीचा पहारा सेनापतीनेच आघाडीवर पाठवला.

सांगशाक पडले आणि लोंढा इंफाळकडे सरकला. इंफाळच्या उत्तरेस कांगलातोंग्बी येथे २२१ ॲडव्हान्स ऑर्डनन्स डेपो होता. येथे तर पायदळ असे नव्हतेच. भांडारात मोजदाद ठेवणारे, हत्यारे दुरुस्त करणारे लोक. सुमारे ४,००० टन दारूगोळा आणि युद्धसाहित्य मागे हलवायचे होते. माल हलवता हलवताच त्यांनी मोर्चे बांधले. तळाच्या बाजूने एक खोल नाला येत होता. शत्रू तेथूनच येणार हे ओळखून त्यावर रोखलेल्या बंकरात ब्रेनगन बसवली. ६-७ एप्रिलच्या रात्री जपानी त्याच नाल्यातून आले आणि त्या ब्रेनगनच्या माऱ्यात सापडले. पुढचा दिवस उजाडला तेव्हा डेपो त्यांच्याच ताब्यात होता. मग हुकमानुसार ते मागे आले.

कांगलातोंग्बी येथील स्मारक त्या १९ ऑर्डनन्स जवानांचे आहे. आर्मी ऑर्डनन्स कोअर आजही तेथे त्यांना मानवंदना देते. त्या रात्रीच्या कामगिरीबद्दल मेजर बॉइड यांना मिलिटरी क्रॉस मिळाला. इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल मिळाले ते बसंत सिंग यांना. त्यांचा हुद्दा होता हवालदार-कारकून.